पंजाबरावांच्या गाडीपुढे

१५ ऑक्टोबर १९७४, मंगळवार

पैज लागली! पंजाबराव ड्रायव्हर विरुद्ध मी. उद्या घट बसतात, उद्यापासूनच सुरू.

झालं ते असं. सकाळी नेहमीसारखा दुधाची चरवी घेऊन केनवडला गेलो. ग्यानबाच्या हॉटेलात दूध घातलं. बाकावर पंजाबराव बशीतून चहा पीत होते, शेजारी त्यांचा कंडक्टर जानराव. बाहेर त्यांची मुक्कामी गाडी घुरघुरत उभी. रात्री केनवडला झोपते, सकाळी मालेगावला निघते, आणि आमच्या तांड्यापाशी आली की धूळ उडवून पुढे जाते. म्हटलं, आज बोलायचंच.

'पंजाबराव भाऊ, आमच्या लखीराम नाईक तांड्यापाशी, त्या बेहड्याच्या झाडाखाली, गाडी जराशी थांबवत जा ना. माही बहीण मालेगावले आठवीत हाय. पुढच्या थांब्यालोक चालत जाते तं गाडी निंगून जाते, शाळा बुडते.'

त्यांनी बशी खालीसुद्धा ठेवली नाही. 'थांबा हाय तिथं? नाई. मंग? माही गाडी वेळेवर निंगते, वेळेवर पोचते. तुह्या बेहड्याखाली थांबली तं उद्या हरेक बाभळीखाली थांबा लागन.'

मग माझी जीभ! ही जीभ एक दिवस मला खड्ड्यात घालणार असं याडी, माझी आई, म्हणते, ते उगाच नाही. मी म्हणालो, 'वेळेची गोष्ट तुमी सांगू नका. तुमची गाडी तलावाले वळसा घालून येईलोक मी पाळीवरून पळत घरी पोचून जेवाले बसतो!'

सगळं हॉटेल हसलं. पंजाबराव हसले नाहीत. मिशीवरचा चहा पुसला आणि म्हणाले, 'मंग आयक. उद्यापासून तुळशीचं लगन लागेलोक. रोज. माह्या गाडीच्या आधी तुह्या तांड्यातलं कोनीबी पळत येऊन त्या झाडाखाली उभं दिसलं पाह्यजे. घामानं वलं. एक दिवस जरी कोनी दिसलं नाई, पैज खतम. जितले तं मी रोज ब्रेक मारीन. बदली झाली तं नव्या ड्रायव्हरले सांगून जाईन. पंजाबरावची जबान हाय.'

'कोनीबी कायले? मीच येतो,' मी म्हणालो. 'आन इथून पळतो, तुमच्या हॉर्नवर!'

ग्यानबानं कपाळावर हात मारला. मारू दे. आपल्या पायांचा भरवसा आपल्यालाच ठाऊक!


१६ ऑक्टोबर

जिंकलो!

परतीच्या पावसानं शेतवाट नुसती चिखलाची झाली आहे. एकदा आडवा झालो, तरी उठलो तसाच पळालो. झाडाखाली पोचलो, श्वास घेतला, मग गाडीचा आवाज आला. पंजाबराव सरळ पुढे बघत गेले. जानरावांनी मात्र खिडकीतून हात काढला. गाडीचा पुढचा एक दिवा फुटलेला आहे, म्हणून सारे तिला काणी म्हणतात. आज काणीनं मला डोळा मारला असं वाटलं.

खरं सांगायचं तर हा डाव मीच जिंकणार, कारण मैदान माझ्या याडीनं आखलं आहे. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या नाल्यावर पाझर तलाव झाला. जुना रस्ता पाण्यात गेला, नवा तलावाला लांबच लांब वळसा घालून आला. त्या रस्त्याची खडी याडीनं फोडली. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, माती टाकली तीही तिनंच, टोपलीनं. आता गाडी वळशानं येते आणि मी पाळीवरून सरळ. बस चढावर दम खाते, दोन थांबे घेते. मी थांबत नाही.

याडीला सांगितलं तर म्हणाली, 'रस्ता मी केला आन गाडी माह्याच दारावरून धूळ उडवत जाते. पळ तू. पाय मोडून नको घेऊ पन.'


१७ ऑक्टोबर

जिंकलो. टाचेत बाभळीचा काटा. काटाही हरला.


२० ऑक्टोबर, रविवार

रोज जिंकतो आहे, त्यात लिहिण्यासारखं काय! आज घरातलं लिहितो.

बापूला पैजेचं कळलं. बापू, माझा बाप, माणूस कमी बोलणारा. विडी पेटवली, विझू दिली, पुन्हा पेटवली. 'गाडी थांबली तं थांबली,' म्हणाला. 'मुकादमाची ट्रक तुळशीच्या लग्नानंतर येते. पोट्टी माह्यासंगं ऊस तोडाले येईन.'

इथंच तर सगळं अडलं आहे. गेल्या साली बापू आणि याडीचा कोयता होता. कोयता म्हणजे जोडी. एक ऊस तोडणार, दुसरा मोळी बांधणार, एकट्याला मुकादम विचारत नाही. उसाच्या फडातून आल्यापासून याडीचा गुडघा वाकत नाही. यंदा तिच्या जागी माझी बहीण भुरी. बापूचं म्हणणं असं की तिची निम्मी शाळा तशीही बुडतेच, मग पूर्ण बुडाली तर काय बिघडलं. आणि तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर सगळ्यांपुढे त्यानं कबूल केलं आहे: गाडी झाडाखाली थांबायला लागली तर पोरीला शाळेत ठेवीन. बापू दिलेला शब्द मोडत नाही, म्हणून तर ही धावपळ!

भुरीची बुद्धी माझ्यासारखी नाही. मी इंग्रजीत दोनदा मॅट्रिकला आपटलो. (मार्चमध्ये तिसऱ्यांदा बसतो आहे. यंदा इंग्रजीचा मुडदाच पाडतो!) भुरी मात्र वर्गात पहिली येते, तेही अर्धे दिवस गैरहजर राहून. पोरगी रोज गाडी चुकवते, तरी गणित चुकवत नाही.

याडीनं मला दूध काढताना हळूच विचारलं, 'भुरी राह्यली तं बापूसंगं कोन?'

म्हटलं, पुढचं पुढे बघू. आधी गाडी तर थांबू दे.


२२ ऑक्टोबर

भुरी रोज झाडाखाली लोटाभर पाणी घेऊन उभी असते. सातवी माळ आज, पण हिची माझ्याभोवतीची, तिच्या भियाभोवतीची, भावाभोवतीची आरती पहिल्या दिवसापासून चालू आहे. 'भिया, तू तोंड उघडं ठेवून पळतो. भिया, तू हात लय हालवतो, वारं घालून राह्यला काय कोनाले?'

मी म्हटलं, तू पळून दाखव.

'मी तं शेळ्यांमागं रोजच पळतो,' म्हणाली. 'तुह्यासारखं हॉर्न वाजवून सांगत नाई.'


२६ ऑक्टोबर

दसरा पार पडला. दसऱ्याला काणीला झेंडूच्या माळा, पुढे केळीचे खुंट, टपावर आंब्याचे डहाळे. पंजाबरावांनी चाकापुढे नारळ फोडला, कुंकू लावलं, स्टिअरिंगला हात जोडले. मला वाटलं, आज नक्की उशीर. कुठलं काय! नारळाचा तुकडा तोंडात आणि हॉर्न. मी प्रसादाला हात पुढे केला होता, तो तसाच ठेवून पळालो.

झाडाखाली गाडी जाताना एका म्हाताऱ्यानं खिडकीतून आपट्याची पानं फेकली, 'सोनं घे रे पळ्या!' पळ्या! नाव पडलं वाटतं आपलं.

आज पोट जड. काल ग्यानबाच्या घरच्या पुरणपोळ्या खाल्ल्या, त्यावर तूप. पाळीवर आलो तोवर पोळ्या गळ्याशी. एकदा वाटलं थांबावं. मग भुरीचा पिवळा लोटा दिसला आणि पाय आपोआप उचलले.

जानरावांनी जुने कॅनव्हासचे बूट दिले. एक बोट पुढून डोकावतं. असू दे, त्याला रस्ता दिसेल.


३१ ऑक्टोबर

काल कोजागिरी. माझं सगळं दूध केनवडवाल्यांनीच आटवलं आणि प्यायले. मला मिळाला नुसता वास. पळालो, जिंकलो. बूट चावतात, म्हणून सोडून दिले. अनवाणीच बरा!


८ नोव्हेंबर

दिवाळीची गर्दी लागली. गाडीत पाय ठेवायला जागा नाही. लेकी माहेराला निघालेल्या, बरोबर आणायला आलेले भाऊ, ट्रंका, पोरं, एका बाईच्या मांडीवर कोंबडीसुद्धा. आणि सगळ्या गाडीला पैज ठाऊक! वळशावरून मी पाळीवर दिसतो ना, तिथं खिडक्या भरतात. लांबून ओरडा ऐकू येतो: 'पळ रे पळ! अजून जोरात!'

कारंजाला निघालेल्या एका मावशीनं आज झाडापाशी कागदात बांधलेल्या चकल्या फेकल्या. भुरीनं वरच्या वर झेलल्या. पंजाबरावांचा चेहरा मात्र दगडाचा. ग्यानबाला ते म्हणाले म्हणे, 'माह्या गाडीतली मानसं आन वरडतात त्याच्या बाजूनं! तिकीट त्याचं काढलं काय?'

एक गोष्ट मानली पाहिजे. माणूस कडू, पण गाडी मुद्दाम दामटत नाही आणि मुद्दाम मागेही ठेवत नाही. रोज तीच चाल. त्यामुळे जिंकल्यावर जिंकल्यासारखं वाटतं.


११ नोव्हेंबर

ताप. अंग फणफणतंय. तरी पळालो. पाळीच्या मध्यावर उलटी झाली, डोळ्यांपुढे काजवे. गाडी वळशाच्या अर्ध्यावर आलेली दिसली. आज पहिल्यांदा भीती वाटली. गाडीच्या नाकासमोर झाडाला हात लावला आणि तिथंच बसलो.

भुरी घाबरली होती. 'उद्या मी पळतो, भिया. तो म्हनला ना कोनीबी.'

मी ओरडलो तिच्यावर. पैज माझी आहे, म्हटलं. पोरी पळताना कोणी पाहिल्या तर तांडा काय म्हणेल? याडीनं काढा दिला आणि वर एक टोमणाही मारला: 'तांडा काय म्हनन ते नाईक पाहीन. तुले काय म्हनाचं ते सांग.' मी काढा एका घोटात संपवला.


१३ नोव्हेंबर

ताप उतरला. जिंकलो, ऐटीत!

आज अमावास्या, संध्याकाळी मेरा. तांड्यातल्या बिनलग्नाच्या पोरी दिवे घेऊन दारोदार फिरल्या, प्रत्येक घराचं भलं मागितलं. भुरी शेवटी आमच्याच दारात आली. याडीला म्हणाली, बापूला म्हणाली, मग माझ्यापुढे दिवा धरून म्हणाली, 'भियाच्या पायाचं भलं होवो.' सगळ्या पोरी फिदीफिदी हसल्या. मी दरडावून पाहिलं.

उद्या पाडवा. दिवाळीची जादा गाडी केनवडला मुक्कामाला आली आहे, नवी कोरी, दोन्ही दिवे शाबूत. काणी तिच्याशेजारी म्हातारीसारखी दिसते.


१४ नोव्हेंबर, पाडवा

हरलो.

माझ्या हातानं. माझ्या मूर्खपणानं. आज लिहवत नाही.


१५ नोव्हेंबर, भाऊबीज

आता लिहितो. सगळं लिहितो, कारण असं काही माझ्या बाबतीत पुन्हा होणे नाही.

काल केनवडला पोचलो तेव्हा अंधुक होतं. दोन्ही गाड्या उभ्या. मी चुलीमागे दूध ओतत होतो. बाहेर हॉर्न वाजला. खिडकीतून पाहिलं, दोन दिवे लावून नवी गाडी निघाली. म्हटलं, जादा गेली. जाऊ दे. काणी उभी आहे, म्हणजे आपली अजून उभी आहे. निवांत बसलो. ग्यानबानं पाडव्याचा म्हणून बुंदीचा लाडू दिला, तो खाल्ला. वर चहा घेतला. बशीत ओतून! पंजाबरावांसारखा!

मग ग्यानबा म्हणाला, 'काहून रे, आज पळाचं नाई?'

'काणी निंगू द्या ना.'

'काणी? काणी रात्रीच पंक्चर झाली! पंजाबराव तं नवी गाडी घेऊन कवाचेच गेले!'

इतके दिवस मी गाडीशी पळत होतो. ड्रायव्हरकडे बघायचं असतं हे या टाळक्यात शिरलंच नाही! लाडू तोंडात, बशी कुठे गेली आठवत नाही, असा सुटलो. आयुष्यात कधी पळालो नाही इतका पळालो. पाळीवर आलो तर वळशावर फक्त धूळ. झाडाखाली कोणी नाही. गाडीची चाकं ओल्या मातीत उमटलेली आणि इकडे तिकडे तरवडाची पिवळी फुलं सांडलेली. मी त्यांच्यावर पाय देत पुढे गेलो.

घरी गेलोच नाही. दिवसभर टेकडीमागे पडून होतो. परतलो तेव्हा याडी भुरीला रागावत होती. पाडव्याला तांड्यातल्या पोरी रानात फुलं खुडायला जातात, घरोघर दारापुढच्या शेणाच्या गोधनावर ती खोवतात. भुरी रिकामी टोपली घेऊन परतली होती. आमचं गोधन बोडकं. भुरी माझ्याकडे धावत आली, 'भिया, आयक ना...' मी म्हटलं, एक शब्द बोलू नको. आणि तोंडावर पांघरूण घेतलं. तेव्हाच ऐकलं असतं तर एक रात्र सुखाची गेली असती!

आज मान खाली घालून केनवडला गेलो. पैज संपली, पण म्हशी दूध द्यायच्या थांबत नाहीत. पंजाबराव बाकावर होते.

'काहून बे, तोंड उतरलं?'

'हरलो भाऊ. तुमी जितले.'

'कोन म्हनते?' त्यांनी बशी खाली ठेवली. पहिल्यांदा! 'काल मी वळशावर आलो तं पाळीवर तू नाई. मनात म्हनलं, गेलं पोट्टं, लाडू खात बसलं असन. तेवढ्यात जानराव वरडला, ते पाहा! तं लाल घागरा पळून राह्यला पाळीवरून. डोक्यावर टोपली, टोपलीतली फुलं उडून राह्यली मागं. मी वेळेवर व्हतो, गाडी नवी, तरी झाडापाशी आलो तं पोट्टी उभी. घामानं वली. कमरेवर हात. माह्याकडं अशी पाहे जशी मीच तिची शाळा बुडवली.'

'बुडवतच तं होते,' जानराव म्हणाले.

मी गप्प बसायला हवं होतं. पण जीभ! 'पन भाऊ, ती केनवडपासून नाई पळाली. फुलं खुडता खुडता अर्ध्यातून पळाली.'

'मी कवा म्हनलो केनवडपासून?' पंजाबराव म्हणाले. 'मी म्हनलो, तांड्यातलं कोनीबी, पळत येऊन, झाडाखाली. घरून पळत आला असता तरी चाललं असतं. केनवडपासून तू पळत होता ते तुह्या हौसेनं!'

हॉटेल असं हसलं की पत्रे वाजले. ग्यानबा तर चुलीजवळ खालीच बसला. मला हसावं का रडावं कळेना. शेवटी दोन्ही झालं. सगळ्यांदेखत डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही.

'मंग आज पळतो का घरून येतो?' पंजाबरावांनी विचारलं.

'इथूनच पळतो,' मी म्हटलं. 'हॉर्न वाजवा. आन आज कोनत्या गाडीत हाय तुमी, तेवढं सांगा!'

जिंकलो. घरी जाऊन भुरीपुढे पाटावर बसलो. तिनं ओवाळलं. ओवाळणी म्हणून काही नव्हतं माझ्याकडे. तिच्या पायाला हात लावला तर लाजून पळून गेली. पळते मात्र सुरेख. तोंड मिटून, हात जवळ धरून.


१९ नोव्हेंबर

शाळेला सुट्टी आहे, म्हणून भुरी रोज माझ्यासोबत केनवडला येते आणि हॉर्नवर माझ्यासोबत सुटते. तांडा काय म्हणाला? काही नाही. नायकाची सून म्हणाली, 'उद्या माही पोरगी बी नेजा.'

सांगायला लाज वाटते, पण लिहितो: आज भुरी माझ्या आधी पोचली. लोटा भरून माझी वाट पाहत होती.


२६ नोव्हेंबर, मंगळवार. तुळशीचं लग्न

आजचं कसं लिहू!

सकाळी केनवडला पोचलो तर हॉटेलापुढे गर्दी. जानरावांनी काणीच्या नाकाला ऊस बांधला, तुळशीच्या मांडवाला बांधतात तसा. पंजाबरावांनी हॉर्न दिला, तोही लांबलचक, वरातीतल्यासारखा. भुरी आणि मी सुटलो. पाळीवर ऊन आलं होतं. वळशावर गाडीच्या सगळ्या खिडक्यांतून हात हलत होते. मी एकदाही मागे पाहिलं नाही. गरजच नव्हती.

बेहड्याखाली सगळा तांडा जमला होता. बापूसुद्धा, लांब, विडी न पेटवता. आम्ही पोचलो. घामानं ओले. गाडी आली. जवळ आली. आणि ब्रेक लागला.

काणीच्या ब्रेकचा आवाज आमच्या तांड्यानं कधी ऐकलाच नव्हता. शेळ्या उधळल्या, पोरं ओरडली, गाडीतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. पंजाबराव खाली उतरले. झाडाभोवती एक चक्कर मारली, खोडावर थाप दिली. 'चांगली जागा हाय,' म्हणाले. 'सावली हाय. परवा शाळा उघडते ना? उभी राह्यजो पोरी. उशीर केला तं थांबनार नाई!'

मग याडीकडे वळले, 'मावशी, चढता काय? मालेगावलोक चक्कर मारून आनतो.'

याडी गाडीच्या पत्र्याला हात लावून उभी होती. म्हणाली, 'आज नाई भाऊ. हा रस्ता खालून कसा हाय ते मले ठाऊक हाय. वरून मंग पाहीन कधी तरी.'

मी पंजाबरावांना म्हणालो, 'काय भाऊ, मानलं का नाई?'

ते चढता चढता म्हणाले, 'तुले नाई. पोट्टीले.' पण मिशी हलली. मी पाहिली.

बापू झाडापर्यंत आला. भुरीच्या डोक्यावर हात ठेवला. 'जा शाळेत,' म्हणाला. एवढंच. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातांकडे पाहिलं.


२७ नोव्हेंबर

सवयीनं केनवडहून पळतच आलो. पैज नाही, काही नाही. पाय ऐकतच नाहीत.

उद्या शाळा. ट्रकही उद्याच. याडी दिवसभर भाकरी बांधते आहे. भुरीनं दप्तर भरलं, मग रिकामं केलं, मग पुन्हा मीच भरलं आणि तिच्या हातात दिलं. दूध उद्यापासून नायकाचा पोरगा घालणार. ग्यानबाला सांगून आलो.


२८ नोव्हेंबर. ट्रकमध्ये

कोयता दोघांचा असतो. एक बापू, दुसरा मी. भुरी काल संध्याकाळपर्यंत म्हणत होती, 'तू परीक्षा दे, मी जातो.' म्हटलं, पैज तू जिंकली, मग गाडीत तूच बसायचं. इंग्रजीचं पुस्तक गाठोड्यात आहे. फडात उसाचं पाचट पेटवून त्या उजेडात वाचीन. मार्च नाही जमला तर पुढला मार्च, इंग्रजी कुठे पळून जाते! पळण्यात आपल्याला कोण हरवणार! भुरी सोडून.

वाशीमकडची माणसं घ्यायची म्हणून ट्रक मालेगावच्या दिशेला निघाला. तांड्याची वाट सडकेला लागते तिथंच बेहडा. आम्ही तोंडाशी आलो आणि अडकलो. पुढे एस्टी आडवी उभी. भुरी चढत होती. तिच्यामागे नायकाची नात. जानराव त्यांची दप्तरं वर घेत होते. आरशात पंजाबरावांनी मला ट्रकवर, कोयत्यांच्या शेजारी बसलेला पाहिलं. त्यांनी हॉर्न दिला. तोच, माझा. माझे पाय बसल्या जागी हलले.

ट्रकचा ड्रायव्हर या सडकेवर नवा. वैतागून खिडकीतून ओरडला, 'इथं काहून थांबली बे ही गाडी? थांबा हाय काय इथं?'

मी वरून म्हणालो, 'हाय.'